श्रीशैलच्या गाडीचा पुढचा एक्सल

कचऱ्याची गाडी एक दिवस आली नाही की आमच्या गल्लीत ढीग लागतो. शेजारच्या श्रीशैलच्या गाडीच्या किस्स्यांचं तसंच आहे. आठवडाभर कुणाला सांगितले नाहीत की साचतात, आणि मग दार उघडलं की अंगावरच येतात! परवा माहेरी गेले होते. एक सांगायला घेतला, त्याच्यामागून दुसरा निघाला, दुसऱ्यामागून तिसरा. गॅसवरची भाजी करपली तरी कुणी उठेना. शेवटी धाकटी वहिनी म्हणाली, "वन्सं, लिहून काढा की एकदाचं. म्हणजे आम्हाला जेवण तरी वेळेवर मिळेल."

तर आधी माणसं सांगते. श्रीशैलचं नव्या पेठेत कापडाचं दुकान आहे. टॉवेल, चादरी, ब्लाउज पीस. घरात तो, त्याची बायको गौरी आणि त्याचे वडील अप्पा. अंगणात गाडी. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्यांच्या अंगणात उघडते. त्यात माझा काय दोष? बांधणाऱ्यानं तिथं ठेवलीय.

*

गौरीचं माहेर मंद्रूपच्या पुढं, शेतातल्या वस्तीवर. डांबरी सोडली की काळ्या रानातली वाट. उन्हाळ्यात तिथं दगड असतात आणि पावसाळ्यात शिरा!

श्रीशैलची गाडी तशी दणकट. उंच, चारी चाकांनी ओढणारी, कुठला कुठला डोंगर चढून आलेली. पण सासरवाडीच्या वाटेत शिरली की रुतली. मग सासरे, मल्लप्पा मामा, ट्रॅक्टर घेऊन येणार, दोर बांधणार आणि जावयाला गाडीसकट ओढत वस्तीवर नेणार. हे ठरलेलंच.

मागच्या पावसाळ्यात मीही होते गाडीत. मला कुणी या म्हटलं नव्हतं. पण गौरीची आई लोणचं लई छान घालते, म्हणून मी रिकामी बरणी घेऊन गेटवर उभी होते. बरणी बघितल्यावर कोण नाही म्हणणार?

त्या दिवशी नुसतं रुतणं नव्हतं. पुढच्या चाकाखाली कट्कन आवाज आला. उतरून बघतो तर एक चाक अक्कलकोटकडं बघतंय आणि दुसरं मोहोळकडं!

मामा आले. दोर बांधला. सगळी वस्ती बांधावर गोळा झालेली. मामा अगदी प्रेमानं म्हणाले, "जावईबापू, पुढच्या बारीला घरातनं निघतानाच फोन करा की. ट्रॅक्टर सोलापुरालाच घिऊन येतो!"

वस्ती हसली. गौरी हसली. मी बरणी तोंडासमोर धरली.

 घरी आल्यावर श्रीशैल म्हणाला, "काकू, पुढच्या वर्षी अधिक महिना आहे. धोंड्याला बोलावतील. त्या दिवशी मामांचा दोर लागला, तर गाडी विकून स्कूटी घेणार!"

गौरी म्हणाली, "स्कूटी चांगली आहे. कधी घ्यायची?"

*

मग सुरू झालं ते एक्सलचं वेड. मला आधी एक्सल म्हणजे काय तेच कळेना. नववीपर्यंतच्या पुस्तकात नव्हता.

श्रीशैल माझ्या ओट्यापाशी आला आणि चपात्या चाललेल्या असताना हातातलं लाटणंच घेतलं. "काकू, हे लाटणं म्हणजे सॉलिड एक्सल. दोन टोकांना दोन चाकं. एक टोक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. जमीन सोडत नाही."

मग दोन चमचे घेतले. "आणि माझ्या गाडीला आत्ता पुढं काय आहे, तर हे. प्रत्येक चाक आपापलं वर-खाली. डांबरीवर मऊ लागतं, पण खड्ड्यात गेलं की हातपाय मोडून घेतं."

मी म्हटलं, "म्हणजे चमचे ही वेगळी बिऱ्हाडं."

"करेक्ट काकू!"

"आणि लाटणं हे एकत्र कुटुंब."

"एकदम करेक्ट! एकाला धक्का बसला की दुसऱ्यालाही बसतो, पण मोडत कुणी नाही!"

भिंतीपलीकडून अप्पांचा आवाज आला, "मग मी हेच सांगत हुतो की! तुजा भाऊ पुण्याला येगळा ऱ्हायला गेला, तवा कुटं हुतं हे लाटणं?"

*

आता गाडीला नवा पुढचा एक्सल मिळत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा बघून, निवडून, आपल्या गाडीखाली बसवायचा. म्हणजे स्थळ बघण्यासारखंच. आणि स्थळ बघायचं म्हटल्यावर अप्पांना घरी कोण बसवणार? त्यांनी नात्यातली कितीतरी लग्नं जुळवलेली. टोपी घातली, उपरणं घेतलं आणि भंगार बाजारात निघाले.

सोबत बाबूभाई मिस्त्री. ह्या सगळ्या कामाचा मालक तोच. त्याच्या अटी होत्या. रुंदी गाडीला शोभेल अशी हवी. एक्सलच्या पोटात दात्यांचा जो गोळा असतो, तो ज्या बाजूला इंजिनाकडून येणारा गाडीचा दांडा उतरतो त्याच बाजूला हवा. आणि आतल्या दात्यांचा हिशोब मागच्या एक्सलशी जुळला पाहिजे, नाहीतर पुढची चाकं एक म्हणतात आणि मागची दुसरंच.

पहिलं स्थळ एका जुन्या जीपचं. अप्पांनी चारी बाजूंनी बघितलं. "अंगानं लई बारीक हाय. आपल्याला शोभायचं न्हाय."

दुसरं एका मोठ्या पिकअपचं. मजबूत, रंगसुद्धा टिकलेला. पण गोळा डाव्या बाजूला, आणि श्रीशैलच्या गाडीचा दांडा उजवीकडून उतरतो. दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून अप्पा हळू आवाजात म्हणाले, "पोरगी चांगली हाय हो. पन डावखुरी हाय."

तिसरं स्थळ नातेपुत्याचं. आधी मोबाईलवर फोटो आला, मग सगळे बघायला गेले. रुंदी बरोबर. गोळा उजवीकडं. बाबूभाईनं आतले दाते मोजले, मागच्याशी ताडून बघितले.

अप्पांनी विचारलं, "गुण किती जुळले?"

"सब जुळे, अप्पा."

अप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सगळे? मग कायतरी लपवत्यात!"

*

ठरलं, आणि एक्सल आणायला टेम्पो गेला. श्रीशैलचा स्वभाव कापडवाल्याचा. त्याला वस्तू उघडी न्यायला जमतच नाही. त्यानं दुकानातली एक नवी पांढरी चादर काढली आणि एक्सलला नीट गुंडाळली. दोन्ही टोकांना गाठी मारल्या.

संध्याकाळी टेम्पो गल्लीत आला. मी खिडकीतच होते. टेम्पोतून चौघांनी एक लांबलचक पांढरं गाठोडं खांद्यावर उतरवलं. जड असल्यामुळं सगळे एकेक पाऊल टाकत चाललेले. कुणी बोलत नाही. पुढं अप्पा, आणि गर्मी होती म्हणून टोपी काढून हातात घेतलेली!

 पदर डोळ्याला लावून मी धावत बाहेर आले. आमचे हे पेपर टाकून उठले आणि हात जोडून फाटकात उभे राहिले. समोरच्या वहिनींनी आपल्या घरातली टीव्हीवरची गाणी बंद केली.

मी रडवेल्या आवाजात बाबूभाईला विचारलं, "कुठून आणलं?"

"नातेपुतेसे, काकू."

"फार दिवस आजारी होते का हो?"

बाबूभाई धापा टाकत म्हणाला, "नै नै, अच्छी हालत में है. बस, दोनों तरफ के बेअरिंग गए!"

*

मग बरेच दिवस गाडी अंगणात, पुढचा भाग उचलून ठोकळ्यांवर. बाबूभाई खाली झोपलेला. त्याचे नुसते पाय दिसायचे. मी त्या पायांशीच गप्पा मारायची. माणूस दिसला नाही तरी उत्तर मिळाल्याशी कारण.

एक दिवस जॅकखालची फळी डुगडुगत होती. एका कोपऱ्याला जरा उंची कमी पडत होती. खालून आवाज आला, "भाभी, कुछ पतला दो! पतला, मगर कडक!"

गौरी स्वयंपाकघरात गेली आणि हाताला येईल ते घेऊन आली. आमच्या सोलापुरात पतलं आणि कडक म्हटल्यावर हाताला काय येणार? कडक भाकरी! ज्वारीची, चांगली वाळलेली.

बाबूभाईनं हसत हसत फळीखाली सरकवली. फळी डुगडुगायची थांबली! गाडीचं एवढं वजन, पण भाकरीला तडा नाही. बाबूभाई बाहेर आला, भाकरीकडं बघितलं आणि आपल्या दातांवरून जीभ फिरवली. म्हणाला, "मैं ये रोज खाता हूँ?"

दुपारी अप्पा जेवायला बसले. समोर शेंगाची चटणी, दही. त्यांनी भाकरीच्या चळतीकडं बघितलं. ते रोज बघतात.

"गौरी, येक भाकरी कमी हाय की."

गौरी ताटात वाढत म्हणाली, "ती आज कामावर गेलीय, अप्पा."

*

एक्सल बसला. चाकं चढवली. गाडी ठोकळ्यांवरून खाली आली. आम्ही सगळे आरतीचं ताट घेऊन समोर उभे. मी सगळ्यात पुढं.

आणि आरती तशीच राहिली.

पुढची दोन्ही चाकं गाडीच्या अंगाबाहेर आली होती. मागची बरोबर, पुढची बाहेर. लहान पोरानं बापाच्या चपला घालाव्यात तशी गाडी दिसत होती.

बाबूभाईनं टेप काढून मोजलं. परत मोजलं. मग श्रीशैलला विचारलं, "सेठ, गाडी का पुराना नाप किसने लिया था?"

"मीच. दुकानातल्या मीटरपट्टीनं."

"कैसे लिया? दिखाओ."

श्रीशैलनं पट्टी आणली आणि सवयीनं मोजून दाखवलं. पट्टी ठेवली, टोकाला अंगठा लावला, पट्टी पुढं सरकवली. मग शेवटी हात आपोआप चार बोटं पुढं गेला, तिथं चिमूट धरली आणि तो म्हणाला, "हे बघ."

नव्या पेठेतला कापडवाला! गिऱ्हाइकाला चार बोटं जास्त सोडल्याशिवाय त्याचा हात थांबतच नाही. वडिलांनी शिकवलेलं. गाडीलाही त्यानं सोडलं. आणि त्या मापाला बरोबर बसतो म्हणून एक्सल निवडलेला!

बाबूभाई डोक्याला हात लावून खाली बसला. "सेठ, एक्सल है ये! ब्लाउज पीस नै!"

अप्पांना मात्र मुलाचा अभिमान वाटला. म्हणाले, "कमी तर न्हाय ना दिलं?"

शेवटी बाबूभाईनं जाड रबराच्या पट्ट्या कापून चाकांवर झालर लावली. गौरी म्हणते फॉल लावला.

*

पहिली फेरी विजापूर रोडला. श्रीशैल चालवायला, शेजारी बाबूभाई, मागं मी आणि आमचे हे. आम्ही आपलं असंच बसलो होतो, तेवढ्यात गाडी निघाली. उतरलो नाही इतकंच.

हळू होतो तोपर्यंत छान. मग श्रीशैलनं जरा वेग घेतला, एक खड्डा आला, आणि काय सांगू! स्टिअरिंग थरथरायला लागलं. थरथरलं म्हणजे कसं, श्रीशैलचे हात दिसेनात! पुढची दोन्ही चाकं ताप चढल्यासारखी लटलटायला लागली. अख्खी गाडी हलायला लागली. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या. बाबूभाई ओरडतोय, "ब्रेक नक्को! धीरे धीरे छोडो!" श्रीशैल काहीतरी म्हणत होता, पण त्याचं प्रत्येक अक्षर चार वेळा ऐकू येत होतं.

गाडी थांबली. सगळे पांढरे पडलेले. मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं, तर ह्यांनी उजवा हात डोक्यावर नेलेला. परत खाली आणला. परत वर नेला.

ह्यांचा खांदा कित्येक महिने आखडलेला होता हो! शर्ट मी घालायची. डॉक्टर झाले, व्यायाम झाले, शेक झाला. आणि इथं खांदा मोकळा!

दुसऱ्या दिवशी ही बातमी गल्लीत पोचली. (कुणी पोचवली ते विचारू नका.) सकाळी श्रीशैलच्या फाटकात चार म्हातारी माणसं उभी. कुणाचा गुडघा, कुणाची मान. एक आजी तर कमरेला पट्टा बांधून तयार.

बाबूभाईनं दोन दिवसांत पुढची ठेवण जरा मागं कलती केली, झिजलेले बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, बदलले आणि थरथर बंद झाली. गाडी सुतासारखी सरळ चालायला लागली. श्रीशैल खूष. आमच्या ह्यांनी मात्र भिंतीवरून डोकं काढून अगदी अजिजीनं विचारलं, "डावा खांदा राहिलाय. एकदा बिघडव की!"

*

नव्या एक्सलमुळं गाडी पहिल्यापेक्षाही उंच झाली. श्रीशैल उडी मारून चढायचा. गौरी साडी सावरत, आतली पकड धरून. अप्पांना मात्र चढायला लाकडी स्टूल लागायचं. स्टूल ठेवायचं, अप्पांना चढवायचं, स्टूल गाडीत घ्यायचं, उतरताना परत ठेवायचं.

अप्पांच्या मित्राच्या नातीचं लग्न होतं. सगळे नटून निघाले. मीही होते. त्या मुलीची आई माझ्या ओळखीची आहे, म्हणजे लग्नात झाली. मंगल कार्यालयाशी पोचलो. श्रीशैलनं मागचं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. स्टूल घरी, अंगणात!

कार्यालयात खुर्च्या होत्या, पण प्लॅस्टिकच्या. अप्पांनी वरून एकदा बघितलं. "त्येच्यावर मी पाय ठिवनार न्हाय. माजं हितंच बरं हाय." आणि बसले फेटा नीट करून.

मग काय करणार! अक्षता खिडकीतून दिल्या, अप्पांनी खिडकीतूनच टाकल्या. जेवणाचं ताट खिडकीतून आत गेलं. वाढपी शिडीवर चढल्यासारखा पायरीवर चढून आग्रह करत होता, "अजून एक बुंदी, अप्पा!" शेवटी नवरा-नवरी शालू-उपरणं सावरत गाडीपाशी आली, आणि अप्पांनी वरून दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. देवळातल्या मूर्तीसारखे दिसत होते. ते बघून लांबचे दोन पाहुणेही येऊन गाडीच्या पाया पडून गेले.

मुलीचे वडील घाम पुसत माझ्याशेजारी उभे होते. म्हणाले, "वहिनी, एवढा मान तर आमच्या व्याह्यांनीसुद्धा मागितला नाही हो!"

*

आणि मग अधिक महिना आला. वस्तीवरून निरोप आला, धोंड्याला या. श्रीशैल दोन दिवस जेवला नाही धड. रोज बाबूभाईला बोलावून नटबोल्ट तपासायचा. माझ्यापाशी येऊन म्हणायचा, "काकू, पाऊस पडेल ना?" लोक पिकासाठी विचारतात, हा चिखलासाठी.

पाऊस पडला होता. वाट कशी असेल ते सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी मी दोन बरण्या घेतल्या.

डांबरी संपली. श्रीशैलनं गाडी थांबवली, देवाचं नाव घेतलं, पुढच्या चाकांना ताकद देणारा दांडा ओढला आणि गाडी काळ्या वाटेकडं वळवली.

काळी वाट नव्हतीच! लालभडक मुरूम टाकून, रोलर फिरवून, दोन्ही बाजूंना चर काढलेला गुळगुळीत रस्ता! थेट वस्तीपर्यंत. गाडीतला चहाचा थर्मासही हलला नाही.

दारात मल्लप्पा मामा हात जोडून उभे. तोंडभर हसू. "जावईबापू, धोंड्याला काय द्यावं, लई इच्यार केला. म्हटलं सोन्याची अंगटी सगळेच देत्यात. दर साली तुमचे हाल हुत्यात, म्हनून रस्ताच केला!"

श्रीशैलचा चेहरा बघवत नव्हता. त्यानं विचारलं, "मामा... जुनी वाट कुठंय?"

"जुन्या वाटंत तूर टोकली की!"

श्रीशैल गाडीतून उतरेचना. सासूबाई पाय धुवायला तांब्या-परात घेऊन उंबऱ्यात, आणि जावई स्टिअरिंगला धरून बसलेले. अधिक महिन्यात जावई रुसला म्हणजे केवढं! सासूबाई घाबऱ्या झाल्या. चहा गाडीत नेला, तो प्यायला. पण उतरेना. सासूबाईंनी लेकीला बाजूला घेतलं. "काय गं, कायतरी कमी पडलं का? सोनं पायजेल का त्येस्नी?"

गौरी म्हणाली, "सोनं नको, अव्वा. त्यांना चिखल पाहिजे."

सासूबाईंनी मामांकडं बघितलं. मामांनी क्षणभर विचार केला, आणि मांडीवर थाप मारली. "येवडंच व्हय? मंग बोलायचं की! चिकलाला काय तोटा हाय!"

विहिरीवरची मोटर चालू झाली. घरामागं काळं रान रिकामं पडलं होतं, त्यात पाणी सोडलं. मामांनी स्वतः ट्रॅक्टर घालून रान गाऱ्यासारखं कालवलं. सोन्याच्या अंगठीला घासून लखलखीत करावं तसं मामा परत परत फिरत होते. "आनकी थोडं, आनकी थोडं," म्हणत. मग ट्रॅक्टर बाहेर काढून बांधावर लावला आणि हाक दिली, "या जावईबापू! तयार हाय!"

सगळी वस्ती बांधावर. मी पुढं. श्रीशैलनं गाडी घातली.

काय ती चालली हो! पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवं वर, उजवं खाली की डावं वर. चिखल झालरीवरून उडत होता. मध्यावर एकदा गाडी घरघरली, चाकं जागेवर फिरली, मामांचा हात दोराकडं गेला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी परत चालत होती! पलीकडच्या बांधाला पोचली. पुढचं एक चाक बांधावर चढवलं, दुसरं खाली चिखलात, आणि श्रीशैलनं तिथंच थाटात थांबवली. त्याच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवरची सगळी मंडळी असा फोटो काढतात. वस्तीनं टाळ्या वाजवल्या. मामांनी दोर खाली टाकला आणि फेटा काढून हवेत फिरवला. गौरीनं शिट्टी मारली. मला माहीतच नव्हतं तिला येते!

श्रीशैलच्या डोळ्यांत पाणी होतं. मोबाईल हातात घेऊन, फोटो काढायला, त्यानं दार उघडलं आणि त्या उंचीवरून खाली उडी मारली.

गाडी जागेवर. श्रीशैल मांडीपर्यंत आत!

एक पाय उपसायला गेला तर दुसरा आणखी खाली. मोबाईल डोक्यावर धरलेला. मामा दोर घेऊन धावले. श्रीशैल ओरडला, "मामा, गाडीला दोर लावायचा नाही! गाडीला काही झालेलं नाही! गाडीला दोर नाही!"

"गाडीला कोन लावतंय?" मामा म्हणाले, आणि दोर जावयाच्या कमरेला बांधला.

सासूबाई एव्हाना तांब्या-परात घेऊन बांधावरून तिथवर आल्या होत्या. वाकून बघितलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "अवो, जावईबापूंचे पाय धुवायचे ऱ्हायलेत. पाय कुटं हायत?"

मामांनी दोराला हिसका दिला. "तांब्या धर तसाच! जेवडे निगतील तेवडे धू!"